हौसाबाई आणि तळाचा नळ

आमच्या घरातून बाहेर पडायला पस्तीस मिनिटं लागतात. तयारीची नव्हेत. तयारी झाली, चपला घातल्या, कुलूप हातात घेतलं, की त्यानंतरची पस्तीस मिनिटं. या वेळात माझी बायको अलकनंदा घरभर एक फेरी मारते. गॅसच्या रेग्युलेटरला हात लावून मोठ्याने म्हणते, "बंद." गीझरला हात लावून, "बंद." इस्त्री, पाण्याचा फिल्टर, मोटरचं बटण, टाकीचा व्हॉल्व्ह, सगळ्यांना असा हात लागतो. मग कुलूप सात वेळा ओढून होतं, आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर ती विचारते, "अहो, गॅस बंद केला होता ना मी?" एकदा जयपूरला निघालेलो आम्ही मानेसरच्या पुढून परत आलो होतो. गॅस बंदच होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "बंद होता हे आता नक्की कळलं ना? मग झालं तर!"

अशा घरातल्या माणसाने बोट घेऊ नये.

पण मी घेतली. शिडाची बोट! द्वारकेत नवव्या मजल्यावर राहणाऱ्या, सोलापूरकडे जन्मलेल्या आणि वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत विहिरीपेक्षा मोठं पाणी न पाहिलेल्या सूर्यकांत टिपणीसने! आठवलं की अजून अंगावर काटा येतो. चौतीस वर्षं मी केंद्र सरकारच्या एका खात्यात जहाजांच्या फायली पुढे सरकवल्या. कुठल्या जहाजाला कुठल्या बंदरात रंग द्यायचा यावर माझे शेरे आहेत. जहाजावर पाऊल ठेवायचा योग मात्र कधी आला नाही. एकदा येणार होता, तेव्हा माझ्या जागी सहसचिव गेले.

घेतली म्हणजे सांभाळायला घेतली. आमच्या सोसायटीतले नौदलाचे कमांडर राजवर्धन इंगवले, मूळचे कोल्हापूरकडचे. गुरुग्रामच्या पलीकडे अरवलीच्या पायथ्याशी एक तलाव आहे, तिथल्या जलक्रीडा केंद्रात त्यांची वीस फुटी बोट असायची. पांढरीशुभ्र, निळा पट्टा, आत दोन माणसं वाकून बसतील एवढी केबिन, केबिनमध्ये एक चिमुकलं बेसिन, आणि मागे देवनागरीत नाव: 'हौसाबाई'. साहेबांच्या आजीचं. सहा रविवार साहेबांनी मला तिच्यावर शिकवलं. मग हिवाळ्यात बोट रंगकामासाठी जमिनीवर घेतली आणि नेमकी त्यांची बदली झाली. जाताना ते म्हणाले, "टिपणीस, तीन वर्षं सांभाळा. मनसोक्त चालवा. फक्त बुडवू नका. आजीचं नाव आहे."

मी लहान मुलासारखा हरखून गेलो. अलकनंदा म्हणाली, "ते डबडं तुमच्या गळ्यात मारलंय त्यांनी." पण तिने आडकाठी केली नाही. एक अट मात्र घातली: काही विपरीत घडलं तर त्याच दिवशी साहेबांना चाव्या परत, आणि पुन्हा या घरात पाण्याचं नाव काढायचं नाही. निवृत्तीला चार-पाच महिने उरलेल्या माणसाकडे दुसरं काय असतं? मी अट मान्य केली.

आता मुद्द्यावर येतो. बोटीच्या तळाला भोक असतं.

हे वाक्य तुम्हाला जसं वाटलं तसंच मलाही वाटलं होतं. बोटीला निदान भोक तरी नसावं अशी माझी माफक अपेक्षा होती. पण केबिनमधल्या बेसिनचं पाणी बाहेर जायला हवं, म्हणून बेसिनखालून एक पांढरी नळी जाते आणि तळातल्या भोकाला जोडलेली असते. त्या भोकावर एक पितळी नळ असतो. त्याला सी-कॉक म्हणतात. दांडी नळीच्या रेषेत असली की उघडा, आडवी केली की बंद. प्रश्न असा की, बोट पाण्यात ठेवून आपण घरी जाताना हा नळ बंद करायचा की उघडा ठेवायचा?

कमांडरसाहेबांनी मला चार पानी सूचना लिहून दिल्या होत्या. शीड कसं गुंडाळायचं, दोर कसा बांधायचा, सगळं तपशीलवार. चौथ्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं: 'सी-कॉकबद्दल फोनवर सविस्तर बोलू.' आणि साहेब गेले पाणबुडीवर. पाणबुडीत फोन लागत नाही. या विषयावर ज्यांना अक्कल आहे असे माझ्या ओळखीचे एकमेव गृहस्थ पाण्याखाली होते.

साहजिकच मी सल्ले घेतले. घेतले म्हणजे काय, लिफ्टमध्ये नुसता उल्लेख केला. बाकीचं सोसायटीने केलं.

आमचे सेक्रेटरी राजीव मल्होत्रा म्हणाले, "टिपणीस जी, वॉल्व का एक ही उसूल है. छेड़ो मत. खुला है तो खुला रहने दो." या माणसाचं एक दुःख आहे. काही वर्षांपूर्वी टाकी धुण्यासाठी त्यांनी सोसायटीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. तो पुन्हा उघडेना. नऊ दिवस टँकर आले, नऊ दिवस बायकांनी मल्होत्रांच्या दारासमोर रिकाम्या बादल्या ठेवल्या. तेव्हापासून कुणी नळाला हात लावलेला दिसला तरी त्यांना घाम फुटतो. "बंद करोगे तो जाम होगा. जाम होगा तो टूटेगा. टूटेगा तो मुझे मत कहना."

दुसरी बाजू सुभेदार हिंदुराव शिर्क्यांची. साताऱ्याकडचे, फौजेत नद्यांवर तरंगते पूल बांधण्यात हयात गेलेली. आता मुलाच्या क्वार्टरमध्ये, कँटोन्मेंटात राहतात आणि महाराष्ट्र मंडळात माझ्याबरोबर सतरंज्या उचलतात. ते म्हणाले, "साहेब, भोक बंदच करायचं. नळी शाबूत हाय तंवर उघडा नळ काय करत न्हाई, खरं हाय. पण नळी निसटली की खेळ खल्लास. अर्ध्या तासात हौसाबाई तळाला."

माझी मुलगी रेवती गुरुग्रामला नोकरी करते. तिने फोनमधल्या एआयला विचारलं. त्याने दोन्ही बाजूंचे प्रत्येकी पाच मुद्दे दिले आणि शेवटी 'परिस्थितीनुसार योग्य निर्णय घ्यावा' असं लिहिलं. हा नक्की आमच्याच खात्यातून निवृत्त झालेला असणार.

शेवटी मी माझ्या पद्धतीने गेलो. दोन्ही पक्षांना जेवायच्या टेबलाशी बसवलं, म्हणणं टिपून घेतलं आणि टिपणी तयार केली: 'उभय बाजूंचा साकल्याने विचार करता, सदर नळ अर्धा बंद ठेवण्यात यावा.' चौतीस वर्षांत माझी अशी एकही टिपणी परत आली नव्हती. ही हिंदुरावांनी जागच्या जागी परत केली. "साहेब, अर्धं भोक म्हंजे बी भोकच की!" मला ते लागलं. पण मुद्दा बरोबर होता. ठरलं. बंद करायचा. मल्होत्रा म्हणाले, "ठीक है जी, आपकी नाव है," आणि गप्प बसले. ते गप्प बसले तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पण मी कसला सावध होतोय! फेब्रुवारीतला तो रविवार उजाडला आणि मी पहाटे पाचलाच टोपी घालून बसलो. हौसाबाई पुन्हा पाण्यात उतरणार होती. त्या दिवशी फक्त उतरवायचं, पूजा करायची, धक्क्याला बांधून यायचं; आणि पुढच्या रविवारी मंडळाच्या वीस माणसांसमोर मी शीड उभारणार होतो. रेवती गाडी चालवायला, हिंदुराव दोर धरायला, मल्होत्रा 'मॉरल सपोर्ट'ला, आणि अलकनंदा पूजेचं सामान घेऊन. डिकीत दोन फुगलेल्या कापडी पिशव्याही होत्या. मी विचारलं तर म्हणाली, "असू देत. तलावावर काम आहे." मला शिडाखेरीज काही दिसत नव्हतं. मी असू दिल्या.

केंद्राचे बाबू नरसिंह यादव. त्यांच्याकडे नोंदणी करायला गेलो तर त्यांच्या संगणकात होड्यांचे तीनच प्रकार: शिकारा, मोटरबोट आणि पॅडल बोट. शिडाची बोट नाही. इंगवलेसाहेबांचं काम पूर्वी कसं चालायचं विचारलं, तर म्हणाले, "वो फौजी थे. उनको कौन पूछता." मग बराच वेळ विचार करून त्यांनी पॅडल बोटचा पोटप्रकार निवडला. छापील पास हातात आला त्यावर लिहिलं होतं: 'हौसाबाई. प्रकार: हंस.' मी सही केली. पाण्यात उतरायचं असेल तर माणसाने हंस व्हायलाही तयार असावं.

दुसरा फॉर्म मात्र गंभीर होता. बोट पाण्यात सोडून जाण्याचं घोषणापत्र. त्यात सातवा प्रश्न: 'नाव छोड़ते समय सभी छिद्र बंद हैं? हाँ / नहीं.' खाली लिहिलेलं, चुकीची माहिती दिल्यास कारवाई होईल. बघा, म्हणजे प्रश्न माझ्या एकट्याच्या डोक्यातला नव्हता! शासनाच्याही डोक्यात होता! मला भरून आलं. 'हाँ'वर गोल करून मी अशी सही केली की, सेवापुस्तकातही तशी उमटलेली नाही.

अकरा वाजता हौसाबाई पाण्यात उतरली. काय सांगू! गाड्यावरून घसरत ती पाण्याला टेकली, एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे, आणि मग एखाद्या जाणत्या बाईने सतरंजीवर बसकण मारावी तशी ऐटीत बसली. मी टाळ्या वाजवल्या. हिंदुरावांनी धक्क्याच्या दगडावर नारळ फोडला. मल्होत्रांनी खोबरं खाल्लं. अलकनंदाने हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, पंचामृत शिंपडलं, झेंडूची माळ घातली. मग जेवणं झाली, मग मी नरसिंह यादवांच्या खिडकीशी अर्धा तास पावतीवरच्या शिक्क्यासाठी उभा राहिलो. परत आलो तर सगळी आवराआवर झाली होती. मी केबिनमध्ये वाकलो, पितळी दांडी आडवी केली, मनात 'बंद' म्हटलं आणि वर आलो. सव्वादोन वाजले होते.

त्यानंतर निघायला पस्तीस मिनिटं लागली. मल्होत्रा चष्मा विसरला म्हणून परत जाऊन आले. हिंदुराव दोराची गाठ बघायला जाऊन आले. अलकनंदा शेवटचा नमस्कार करायला जाऊन आली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे पस्तीस मिनिटं लागतातच.

गुरुग्रामच्या अलीकडे वाहनांच्या रांगेत अडकलो. समोर काचेचे टॉवर, दोन्ही बाजूंना टॅक्स्या, आणि मी पुढच्या सीटवर बसून वारा कुठून येतोय ते बोट ओलं करून बघत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो, तो नळ बंद केला होता ना?"

"केला होता," मी म्हणालो. "मी स्वतः. आडवा."

मागे मल्होत्रा खाकरले. "टिपणीस जी, बुरा मत मानना. मैं चश्मा लेने गया था ना... मैंने खोल दिया."

"खोल दिया?"

"जाम हो जाता यार! मुझसे देखा नहीं गया."

माझ्या हातातली टोपी खाली पडली. एवढ्यात हिंदुराव म्हणाले, "घाबरू नका साहेब. मी गाठ बघायला गेलो तवा नळ उघडा दिसला. म्हटलं साहेब विसरले. मी बंद केला."

"शाब्बास!" मी ओरडलो. "म्हणजे बंद आहे!"

मग मला अलकनंदाचा शेवटचा नमस्कार आठवला. मी हळूच मागे वळून पाहिलं. अलकनंदा खिडकीबाहेर, एका टॉवरच्या विसाव्या मजल्याकडे बघत होती.

"अलके?"

"मी फक्त हात लावला," ती म्हणाली. "गॅसला लावते तसा. बंद आहे का बघायला. तो फिरला. फिरला म्हणजे उघडाच राहिलेला असणार ना? मग मी तो पूर्ण फिरवला आणि 'बंद' म्हटलं."

"अगं, बंद असलेलाही फिरतो! फिरून उघडतो!"

"मग तसं त्याच्यावर लिहायला नको का?"

रेवतीने आरशातून विचारलं, "सो बाबा, फायनली तो ओपन आहे?" मी मान हलवली. फायनली तो उघडा होता, आणि माझी सही 'हाँ'वर होती. निवृत्तीला तीन महिने असताना खोटं घोषणापत्र! हिंदुरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, उघडा असू द्या की. नळी शाबूत हाय तंवर काय बी भ्या न्हाई. उद्या सकाळी येऊन बंद करू."

मला जरा धीर आला. मी टोपी उचलून झटकली. तेव्हा मागच्या सीटवरून, आमच्या लग्नानंतर मी दोनदाच ऐकला असेल इतका बारीक आवाज आला.

"नळी म्हणजे ती पांढरी? बेसिनखालची?"

"हो. का?"

"ती ठासताना जरा हलल्यासारखी वाटली मला."

"काय ठासताना?"

"निर्माल्य."

आता इथे थोडं थांबायला हवं, कारण माझ्या बायकोला तुम्ही वेडी समजाल, आणि ती वेडी नाही. द्वारकेत नवव्या मजल्यावर देवाची वाहिलेली फुलं टाकायची कुठे, हा प्रश्न आमच्या घरात सव्वीस वर्षं अनुत्तरित आहे. कचऱ्यात टाकायची नाहीत. यमुनेवरच्या पुलाला जाळ्या लावल्यात. कुंडीत पुरून पुरून तुळस वर आली. म्हणून मंडळातल्या आठ घरांचं निर्माल्य पिशव्यांत साठतं आणि पाण्याकडे कोण निघालंय याची वाट बघतं. तलावावर त्यासाठी एक वेगळं कुंड आहे, पण ते उघडतं पाच ते सहा. आम्ही दोनला निघणार. अशा वेळी केबिनमध्ये हात धुताना अलकनंदाला दिसलं की, या बेसिनचं पाणी थेट तलावात जातं. मला ती पुढे म्हणाली, "मला वाटलं, देवाने सोय केली." दुर्वा, झेंडू, अक्षता, नारळाच्या शेंड्या, मी शिक्क्यासाठी खिडकीशी उभा असताना दीड पिशवी तिने त्या चिमुकल्या बेसिनमधून खाली लोटली. अडकलं तेव्हा ठासलं.

"कशाने ठासलंस?" मी विचारलं.

तिने पर्समधून एक लाकडी खुंटी काढली. गाजरासारखी, वर जाड, खाली निमुळती. "त्या नळाला दोरीने दोन बांधल्या होत्या. एक मी मागच्या महिन्यातच घरी नेली, बाल्कनीचं दार आपटतं ना, त्याला पाचर म्हणून. अगदी बेताची बसली. ही दुसरी."

"रेवती," मी म्हणालो, "गाडी फिरव."

गुरुग्राममध्ये गाडी फिरव म्हणणं सोपं आहे. यू-टर्न साडेचार किलोमीटर पुढे होता. ते साडेचार किलोमीटर आम्ही चाळीस मिनिटांत कापले, आणि त्या चाळीस मिनिटांत हिंदुराव दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून "आता घोट्यापत्तोर," "आता गुडघ्यापत्तोर" असं सांगत होते. मल्होत्रा हनुमान चालिसा म्हणत होते. मी अलकनंदाशी बोलत नव्हतो. ती माझ्याशी बोलत नव्हती, म्हणजे वर तिलाच राग आला होता. मला फक्त साहेबांचा चेहरा दिसत होता. आजीचं नाव आहे, म्हणाले होते. मी पाण्यात उतरवल्या दिवशी, पहिलं शीड उभारायच्या आत, त्यांच्या आजीला तळाला घालत होतो. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पाच वाजून पाच मिनिटांनी आम्ही फाटकाशी पोचलो. फाटक पाचला बंद होतं. नरसिंह यादव खुर्ची आत नेत होते.

"टाइम खत्म," ते म्हणाले.

"अहो, हौसाबाई बुड... डूब रही है!"

"कौन?"

"हंस! हमारा हंस!"

"हंस नहीं डूबता जी. फाइबर का होता है."

मी पास दाखवला, ओळखपत्र दाखवलं, आमच्या खात्याचं नाव घेतलं. ते म्हणाले, पाचनंतर नावेजवळ जायचं तर संचालकांची लेखी परवानगी लागते, आणि संचालक सोमवारी येतात. गेली चौतीस वर्षं मी ज्याला ज्याला 'सोमवारी या' म्हणालो ते सगळे माझ्या डोळ्यांसमोरून रांगेने गेले. मी हात जोडणार एवढ्यात अलकनंदा मला बाजूला सारून पुढे झाली. तिच्या हातात उरलेली अर्धी पिशवी होती.

"भैया, विसर्जन का टाइम पाँच से छह है ना?"

"हाँ जी, है."

"तो हमें विसर्जन करना है."

नरसिंह यादवांनी रजिस्टर उघडलं. पेन काढलं. "किसका विसर्जन?"

"वो अभी पता नहीं," अलकनंदा म्हणाली. "जाके देखना पड़ेगा."

आणि फाटक उघडलं! मी धावलो. एकोणसाठ वर्षं नऊ महिने वयाचा माणूस इतका धावू शकतो हे आमच्या डॉक्टरांनी पाहिलं असतं तर गोळ्या बंद केल्या असत्या. धक्क्याच्या वळणावर मी थांबलो. पुढे बघवेना. मग रेवती ओरडली, "बाबा! आहे! तरंगतेय!"

तरंगत होती! जरा खाली बसली होती, पण तरंगत होती. हिंदुराव केबिनमध्ये उतरले, मागोमाग मी. आत घोटाभर पाणी. त्यावर एक झेंडूचं फूल निवांत फिरत होतं. पांढरी नळी नळावरून साफ निसटून बाजूला लोंबत होती. दांडी रेषेत, म्हणजे नळ सताड उघडा. हिशेबाने हौसाबाई निदान दीड तासापूर्वी तळाला असायला हवी होती.

हिंदुरावांनी नळाच्या तोंडाशी बोट घातलं आणि ते हसायलाच लागले. "साहेब, बघा तरी!"

नळाच्या घशात दुर्वा, नारळाची शेंडी आणि झेंडू यांचा एक घट्ट बोळा बसला होता. आणि त्यातल्या अक्षता पाणी पिऊन टम्म फुगल्या होत्या. थेंब थेंब पाणी येत होतं, बस, तेवढंच.

"वहिनींनी ठासलं म्हणून नळी निसटली," हिंदुराव म्हणाले, "आन् वहिनींनी ठासलं म्हणून बोट ऱ्हायली. फौजेत असतो तर मेडलसाठी नाव कळवलं असतं वर."

मी दांडी आडवी करून बघितली. दुपारी सगळ्यांच्या हातांनी फिरलेली ती आता हलेना, फुगलेला बोळा मध्ये. तेव्हा हिंदुरावांनी वर हात केला, अलकनंदाने त्या हातात लाकडी खुंटी दिली, आणि दगडाच्या तीन ठोक्यांत ती नळाच्या तोंडात अशी बसली की थेंबही थांबला. ती त्यासाठीच तिथे बांधलेली असते हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सूचनांच्या चार पानांत तिचा उल्लेख नव्हता. बहुधा तोही फोनवर सविस्तर होता.

मी वर आलो. वाटेत मी अलकनंदाला सुनवायला तीन वाक्यं तयार केली होती, त्यातलं एक तर फारच धारदार होतं. ती धक्क्यावर उभी होती, साडी चिखलाने भरलेली, उरलेली पिशवी छातीशी धरलेली. म्हणाली, "चाव्या परत करायच्या का?" अट तिची होती. ती घाबरत विचारत होती.

"कशाला?" मी म्हणालो. "विपरीत कुठे काय घडलंय?"

बादलीने पाणी काढायला पाऊण तास लागला. त्यात मल्होत्रा सगळ्यात पुढे होते. रिकाम्या बादल्यांचा नऊ दिवसांचा अनुभव गाठीशी होता. पाणी काढताना ते एकदाच बोलले. "टिपणीस जी, एक बात है. बंद ही ठीक था." बाहेर पडताना मी घोषणापत्र दुरुस्त करायला खिडकीशी थांबलो. सातव्या प्रश्नाचं उत्तर चुकलं म्हणून सांगितलं. नरसिंह यादव म्हणाले, "उसमें सब 'हाँ' ही लिखते हैं. हंस में छेद होता ही नहीं." मग त्यांनी विसर्जनाचं रजिस्टर पुढे ओढलं. "हो गया जी विसर्जन?"

"नहीं हुआ!" मी इतक्या जोरात ओरडलो की तलावावरची बदकं उडाली. "बिल्कुल नहीं हुआ!"

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला. कमांडर राजवर्धन इंगवले पाण्याबाहेर आले होते.

"टिपणीस! बोट उतरवलीत? सी-कॉकबद्दल बोलायचं राहिलं होतं. बोट सोडताना बंद करायचा, कायम. महिन्यातून दोनदा फिरवत राहायचं, म्हणजे जाम होत नाही. आणि एक माणूस ठरवा. एकानेच बंद करायचा, त्यानेच उघडायचा. दहा हात लागले की बोट गेलीच म्हणून समजा."

"हो साहेब. तसंच चाललंय."

"आणि त्याच्याजवळ दोन लाकडी खुंट्या बांधल्यात. फार मोलाच्या. नळी निसटली तर तेवढाच आधार. दोन्ही जागेवर आहेत ना?"

मी बाल्कनीकडे पाहिलं. अलकनंदा तिथे दोरीवरचे वाळलेले कपडे काढत उभी होती. फोनचा आवाज मोठा होता; तिला सगळं ऐकू गेलं. तिने हातातले कपडे खुर्चीवर ठेवले, वाकली, दाराखालची पाचर ओढून काढली, पदराला पुसली आणि माझ्या रविवारच्या पिशवीत, टोपीच्या शेजारी ठेवली.

मागे दार वाऱ्याने धाडकन आपटलं.

"हो साहेब," मी म्हणालो, "दोन्ही जागेवर आहेत."

ते दार आता दिवसभर आपटत असतं. त्याबद्दल आमच्या घरात कुणी तक्रार करत नाही.